कळांच्या वेळी बाळाचे ठोके मोजा, बाळाचा मेंदू वाचवा



ह्या सदरात आम्ही एरवी बेणे, लागण, खताचे हप्ते, पाण्याच्या पाळ्या आणि तोडणीचा कार्यक्रम यांविषयी लिहितो. ह्या अंकात विषय वेगळा घेतला आहे. बाळंतपणाच्या कळा चालू असताना पोटातल्या बाळाच्या हृदयाचे ठोके मोजणे आणि बाळाच्या मेंदूला होणारी इजा टाळणे, हा तो विषय होय.

ऊस विकास खात्याचा ह्याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. आम्ही डॉक्टर नव्हे आणि औषधे सांगणे हे आमचे काम नव्हे. परंतु गटागटांतून फिरताना एखाद्या वस्तीवर पाच-सहा वर्षांचे मूल खाटेवर पडून असलेले दिसते. मान धरीत नाही, मुठी वळलेल्या, घास भरवावा लागतो. घरची मंडळी एवढेच सांगतात, "जन्मल्यावर रडलंच नाही बघा." कोणी ते नशिबावर घालतात, कोणी ग्रहणावर, कोणी सुनेवर. घरातले एक कर्ते माणूस त्या मुलापाशी कायमचे अडकते. अशा सगळ्याच मुलांचे दुखणे टळण्यासारखे होते असे नाही. पण काहींचे टळले असते, आणि त्यासाठी मुख्यतः लागते ती एक नळी, एक घड्याळ, लक्ष देणारे माणूस आणि वेळेवर मिळणारी मदत. म्हणून हा लेख.

१. कळ आली की पोटात काय होते?

पोटातले बाळ स्वतः श्वास घेत नाही. त्याचा प्राणवायू आईच्या रक्तातून वारेमार्फत व नाळेवाटे येतो. कळ आली की गर्भाशय आवळते आणि वारेकडे जाणारे रक्त तेवढ्या वेळापुरते कमी होते. कळ ओसरली की ते पुन्हा सुरू होते. निरोगी बाळ हा ताण सोसते, कारण त्याच्याजवळ शिल्लक असते.

विहिरीचे उदाहरण घ्या. मोटार चालू केली की पाणी खाली जाते, बंद केली की झरे पुन्हा विहीर भरतात. दोन उपशांमध्ये पुरेसा वेळ असला तर विहीर टिकते. मात्र झरे मुळातच बारीक असतील, किंवा मोटार थांबूच दिली नाही, तर तळ दिसू लागतो. आईचा रक्तदाब वाढलेला असणे, अंगात रक्त फार कमी असणे, बाळाची वाढ खुंटलेली असणे, दिवस उलटून जाणे, हे झाले बारीक झरे. कळा फार घाईने येणे, म्हणजे दहा मिनिटांत पाचापेक्षा जास्त येणे, ही झाली न थांबणारी मोटार.

कधी कधी पुरवठा एकदम तुटतो. नाळ बाळाच्या आधी बाहेर घसरते, वार वेळेआधी सुटते, किंवा आधीच्या सिझेरियनचा व्रण फाटतो. प्राणवायू पूर्ण बंद पडला तर सुमारे दहा मिनिटांनंतर मेंदूला इजा होऊ लागते, असे माकडांवर झालेल्या प्रयोगांत दिसले. येथे तासांचा हिशेब चालत नाही. परंतु पुष्कळ वेळा पुरवठा हळूहळू कमी होत जातो, आणि त्याची सूचना बाळाचे हृदय देते. ती ऐकणारे कोणी असले पाहिजे, एवढेच.

२. ठोके किती असावेत, केव्हा मोजावेत?

पोटातल्या बाळाचे ठोके दर मिनिटाला साधारण ११० ते १६० असतात. मोठ्या माणसाच्या जवळजवळ दुप्पट. ते ११० च्या खाली राहिले, १६० च्या वर राहिले, किंवा कळ संपल्यावरही खाली जाऊन सावकाश वर येऊ लागले, तर बाळाला त्रास होत असण्याचा संभव असतो. कळेच्या ऐन भरात ठोके थोडे उतरून लगेच पूर्ववत होणे हे मात्र पुष्कळदा दिसते. म्हणून केवळ मध्येच कधीतरी नळी लावून भागत नाही. कळ चालू असताना आणि ती ओसरल्यावर, अशा दोन्ही वेळी ऐकावे लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली दिलेल्या शिफारशींप्रमाणे, निरोगी बाईच्या कळा जोरात सुरू झाल्यावर दर १५ ते ३० मिनिटांनी ठोके ऐकावेत. बाळ खाली उतरून आई जोर करू लागली की दर ५ मिनिटांनी ऐकावेत. प्रत्येक वेळी निदान एक मिनिट ऐकायचे, कळेच्या वेळी आणि ती ओसरल्यावर निदान अर्धा मिनिट. त्याच वेळी आईची नाडी हाताला धरून पाहायची, नाहीतर आईचेच ठोके बाळाचे म्हणून मोजले जातात. प्रत्येक आकडा वेळेसह कागदावर लिहायचा.

आपली म्हैस व्यायला झाली की आपण रात्रभर गोठ्यात कंदील घेऊन बसतो. दर घटकेला उठून पाहतो. घरची सून अडली असता मात्र पुरुष मंडळी बाहेर ओट्यावर आणि "होईल सकाळपर्यंत" अशी भाषा. हे काही बरे नव्हे.

३. नळी बरी की यंत्र?

पोटातल्या बाळाचे ठोके कानाने ऐकू येतात हे फ्रान्समध्ये केरगारादेक ह्या डॉक्टरांनी १८२१ साली मांडले. त्याच देशातील पिनार्ड यांनी १८९५ साली तुतारीसारखी छोटी नळी काढली. तिचे एक तोंड पोटावर आणि दुसरे कानाला. आपल्या आरोग्य केंद्रातील नर्सबाई फीटोस्कोप म्हणून जे वापरतात ते त्याच जातीचे साधन. आता हातात धरण्याचे डॉपलरही आले आहे. त्यात ठोके सर्वांना ऐकू येतात, आईलासुद्धा.

मोठ्या दवाखान्यांत सीटीजी नावाचे यंत्र असते. पोटावर दोन पट्टे बांधतात. एक ठोके टिपतो, दुसरा कळा, आणि दोन्हींची रेघ कागदाच्या पट्टीवर उमटत जाते. साहजिकच लोक विचारतात, ज्या दवाखान्यात हे यंत्र नाही तेथे जावे की नाही?

ह्याचे उत्तर देणारी मोठी चाचणी आयर्लंडमध्ये डब्लिन येथे झाली व १९८५ साली प्रसिद्ध झाली. जवळजवळ १३ हजार बायकांपैकी निम्म्यांना यंत्र लावले, निम्म्यांचे ठोके दाईने नेमाने कानाने ऐकले. यंत्राच्या बाजूला झटके आलेली बाळे १२ निघाली, दुसऱ्या बाजूला २७. म्हणजे झटके निम्म्याहून कमी झाले. पण दगावलेली बाळे दोन्हीकडे १४-१४ अशी सारखीच होती. पुढे चार वर्षांनी मुले तपासली तेव्हा सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हातापायांचा ताबा जाणे, दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखीच आढळली. अशा चाचण्या एकत्र करून २०१७ साली जो आढावा निघाला, त्यातही असेच दिसले. यंत्रामुळे झटके कमी होतात, परंतु सेरेब्रल पाल्सी कमी झाल्याचे दिसत नाही, आणि सिझेरियन वाढतात.

ह्यातून आपण काय घ्यायचे? डब्लिनला कानाने ऐकणारी दाई प्रत्येक बाईजवळ होती आणि ती वेळापत्रकाप्रमाणे ऐकत होती. तिची बरोबरी यंत्राला फारशी मोडता आली नाही. सबब निरोगी बाईसाठी यंत्र नाही म्हणून केंद्राला नाव ठेवू नये. यंत्र लावून ठेवले आणि कागदाकडे कोणी पाहिलेच नाही, तर त्या यंत्राचा उपयोग नाही. पाण्याचे मीटर बसविल्याने पाणी वाचत नाही, मीटर वाचून व्हॉल्व्ह फिरविणारा लागतो.

मात्र जोखमीच्या बाळंतपणाला सतत देखरेख आणि ऑपरेशनची सोय असलेले ठिकाणच हवे. रक्तदाब, मधुमेह, जुळे, आधीचे सिझेरियन, बाळाची वाढ कमी, दिवस उलटलेले, कळांत ताप, हिरवे पाणी जाणे, अंगात रक्त फार कमी असणे, ही जोखमीची लक्षणे समजावीत.

४. ठोके बिघडले तर काय करतात?

प्रथम आईला डाव्या कुशीवर वळवतात. कळांचे सलाईन चालू असेल तर ते बंद करतात. नाळ घसरली आहे काय, आईचा रक्तदाब उतरला आहे काय, हे पाहतात. तेवढ्याने ठोके सुधारले तर उत्तम. न सुधारल्यास बाळ लवकर बाहेर काढावे लागते. मूल अगदी खाली असेल तर चिमटा किंवा व्हॅक्यूम लावून, नाहीतर सिझेरियन करून.

येथे घरच्यांची परीक्षा असते. "पैशासाठी पोट फाडतात" असा संशय आपल्याकडे बोलून दाखविला जातो. विनाकारण होणारी सिझेरियन आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पारख करायची तर प्रश्न सरळ विचारावा : "डॉक्टरसाहेब, बाळाचे ठोके किती आहेत? किती वेळापासून असे आहेत?" उत्तर आकड्यात मिळाले आणि कागदावर लिहिलेले दाखविले, तर मग सहीला उशीर लावू नये. गावाहून वडीलधारे येईपर्यंत थांबणे, कोणाला तरी फोन लावीत बसणे, ह्यात जी मिनिटे जातात ती बाळाच्या मेंदूची असतात. सज्ञान स्त्री स्वतःच्या ऑपरेशनच्या संमतीची सही स्वतः करू शकते, हेही ध्यानात असावे.

सरकारी दवाखान्यात बाळंतिणीजवळ एका बाईमाणसाने सोबतीला थांबावे असे केंद्र सरकारने २०१६ साली मान्य केले आहे. घरातली समजूतदार जाऊ, नणंद किंवा आई सोबत ठेवावी. तिने नर्सबाईंना आदराने विचारावे, "बाई, ठोके ऐकले का? किती आहेत?" विचारणाऱ्यांपुढे कामाची शिस्त राहते, हा अनुभव वजनकाट्यावरही आपल्याला आहेच.

५. कळा वाढविण्याचे इंजेक्शन

एक गोष्ट कडक शब्दांत सांगतो. कळा मंद आहेत म्हणून घरी कोणाकडून इंजेक्शन टोचून घेऊ नये. हे औषध म्हणजे ऑक्सिटोसिन. पान्हा सोडत नाही म्हणून काही लोक म्हशीला जे इंजेक्शन देतात तेच हे. दवाखान्यात ते सलाईनमधून थेंबाथेंबाने देतात, कळा मोजतात, ठोके ऐकतात आणि गरज पडताच बंद करतात. एकदम दंडात टोचले की ते परत काढता येत नाही. कळा एकीवर एक येतात, गर्भाशय ढिले पडतच नाही. वर सांगितलेली विहीर आणि न थांबणारी मोटार, ती हीच. गर्भाशय फाटून आईही जाऊ शकते. बाळ जन्मल्यावर आईचा रक्तस्राव थांबविण्यासाठी हेच औषध नर्सबाई देतात, तो उपयोग वेगळा व योग्य आहे.

६. जन्मानंतरचा पहिला मिनिट

सर्व काळजी घेऊनही काही बाळे जन्मतः श्वास घेत नाहीत. अशा वेळी पहिल्या मिनिटाच्या आत मदत सुरू झाली पाहिजे. कोरड्या, उबदार फडक्याने अंग पुसणे, पाठ चोळणे, आणि तरीही श्वास नसेल तर पिशवी आणि मुखवट्याने फुप्फुसांत हवा भरणे. पाय धरून उलटे टांगणे, चापट्या मारणे, थंड पाणी शिंपडणे, कांदा फोडून नाकाशी धरणे, ह्यांत मोलाचा वेळ जातो.

हे काम खेड्यात होऊ शकते, ह्याचा दाखला आपल्याच महाराष्ट्रात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकविले. घरी होणाऱ्या बाळंतपणाला दाईबरोबर ही आरोग्यदूत हजर राहून बाळाचा श्वास पाही आणि गरज पडल्यास पिशवी-मुखवटा वापरी. १९९६ ते २००३ ह्या काळात अशा पाच हजारांवर बाळंतपणांची नोंद झाली. श्वास गंभीरपणे कोंडलेल्या १०० बाळांपैकी आधी ३९ दगावत, ते प्रमाण २० वर आले. पुढे २०११ साली देशभर आशाताईंनी घरी जाऊन नवजात बाळ तपासण्याची योजना सुरू झाली, तिच्यामागे ह्या कामाचा मोठा आधार होता. आज दवाखान्यात बाळंतपण झाले तरी आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा घरी येतात. त्यांना दारातून परत पाठवू नये.

दवाखान्यात बाळाला अपगार गुण देतात. रंग, ठोके, प्रतिसाद, हालचाल व श्वास ह्या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण, पहिल्या व पाचव्या मिनिटाला. अमेरिकेतील डॉ. व्हर्जिनिया अपगार यांनी ही रीत १९५३ साली प्रसिद्ध केली. हे गुण कार्डावर किंवा घरी सोडतानाच्या कागदावर लिहून घ्यावेत व तो कागद जपून ठेवावा.

७. इजा झालीच तर

बाळ सुस्त पडणे, दूध न ओढणे, अंग लुळे किंवा ताठ होणे, झटके येणे, ही पहिल्या एक-दोन दिवसांतली लक्षणे आहेत. अशा बाळाला उबदार ठेवून नवजात अतिदक्षता कक्ष असलेल्या दवाखान्यात तत्काळ न्यावे.

परदेशात अशा बाळाचे अंग ७२ तास थंड ठेवण्याचा उपचार करतात आणि तेथे त्याचा गुण आला आहे. आपल्या भागासाठी मात्र सावध राहावे लागते. भारत, श्रीलंका व बांगलादेशातील रुग्णालयांत, त्यांत मुंबईचे शीव रुग्णालयही होते, ४०८ बाळांवर ह्याची चाचणी झाली. २०२१ साली निकाल आला. थंड ठेवलेल्या बाळांत अपंगत्व व मृत्यू मिळून घट झाली नाही. उलट त्यांतली १०० पैकी ४२ दगावली, नेहमीचे उपचार झालेल्यांत ३१. तात्पर्य, नंतरच्या उपायावर भिस्त ठेवून चालणार नाही. रोग पडल्यावर फवारे मारीत बसण्यापेक्षा बेणेप्रक्रिया करावी, हे आपल्याला उसात पटले आहे. येथेही तेच.

तसेच, प्रत्येक सेरेब्रल पाल्सी बाळंतपणातच झाली असे समजू नये. पुढारलेल्या देशांतील अभ्यासांत अशा दहा मुलांपैकी साधारण एकाचेच कारण कळांच्या वेळी प्राणवायू कमी पडणे हे निघाले. अपुऱ्या दिवसांचा जन्म, गर्भारपणातला जंतुसंसर्ग, वाढलेली कावीळ, मेंदूज्वर अशीही कारणे असतात. म्हणून सुनेला बोल लावणे किंवा दवाखान्यावर धावून जाणे, दोन्ही चूक. कागद पाहावेत, माहिती मागावी, आणि मुलाच्या उपचाराला लागावे.

चार महिने उलटूनही मान धरीत नाही, मुठी उघडत नाही, नजर लावीत नाही, असे दिसल्यास "बसेल हळूहळू" म्हणू नये. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा मुलांची तपासणी व जिल्हा पातळीवर उपचार, व्यायाम यांची मोफत सोय आहे. जितक्या लवकर व्यायाम सुरू होतो तितके ते मूल जास्त शिकते.

८. मावळातील आपली अडचण

नाणे मावळातील जांभवली, आंदर मावळातील खांडी-सावळे, पवन मावळातील तुंग-मोरवे, ह्या बाजूच्या मंडळींना रस्ता व अंतर यांची अडचण सांगायला नको. लोणावळ्याचा पाऊस आणि आषाढ-श्रावणात रविवारी लोटणारी पर्यटकांची गर्दी ही आणखी एक. रुग्णवाहिका आली तरी गर्दीत अडकते. ह्यावर उपाय एकच, आधी ठरविणे.

कार्ला, खडकाळा, येळसे, टाकवे बुद्रुक येथे प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत, कान्हे फाट्याला सरकारी रुग्णालय आहे. पुढची मोठी सोय पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, औंधचे जिल्हा रुग्णालय व पुण्याचे ससून. त्या त्या वेळी सिझेरियनची सोय जवळात जवळ कोठे चालू आहे, हे नवव्या महिन्यातच आशाताईंना विचारून लिहून ठेवावे. पावसाळ्यात दिवस भरत आलेल्या लेकी-सुनांना आठ-दहा दिवस आधीच रस्त्यालगतच्या नातेवाइकांकडे आणून ठेवावे. जोखमीच्या बाईने कळा सुरू होण्याची वाट पाहू नये. बाळाची हालचाल कमी झाली तरी त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे, गर्भवती व बाळंतिणीसाठी १०२ आहे. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणे सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त, नेणे-आणणे आणि आजारी नवजात बाळाचे उपचार मोफत आहेत.

९. तोडणीच्या बायांचे काय?

गळीत हंगामात बीड, अहिल्यानगर, जालना भागातून टोळ्या येतात. कोयत्याच्या जोडीतली बाई पोटुशी असली तरी उचल फेडायची म्हणून मोळ्या वाहते. नवखा मुलूख, आशाताई ओळखीच्या नाहीत, आणि कळा सुरू होतात त्या कोपीत किंवा फडात. आपला ऊस गाळपाला जातो तो ह्याच हातांनी. तेव्हा ही जबाबदारी मुकादमावर ढकलून आपण मोकळे होत नाही.

सभासदांना विनंती की टोळी आपल्या फडात उतरताच मुकादमाला विचारावे, कोणाला कितवा महिना आहे. आठव्या-नवव्या महिन्यातल्या बाईचे नाव गावच्या आशाताईंना कळवावे. तिचे माता-बाल कार्ड तिच्याजवळ आहे की गावी राहिले, ते पाहावे. तिला मोळी उचलायला लावू नये. रात्री-अपरात्री कळा सुरू झाल्या तर १०८ ला फडाचा ठिकाणा सांगायला आपणच लागतो, कारण तिला गावाचे नावही धड ठाऊक नसते. गाडी येण्यास उशीर दिसल्यास आपली जीप काढावी. ऊस एक दिवस उशिरा तुटला तर वजनात थोडा फरक पडेल. बाळाचे तसे नाही.

हे लक्षात ठेवा

१) ठोके ११० ते १६०. कळ ओसरल्यावरही ऐकावे.
२) जोरात कळा : दर १५ ते ३० मिनिटांनी. जोर करताना : दर ५ मिनिटांनी.
३) हिरवे पाणी, नाळ बाहेर दिसणे, रक्त जाणे, हालचाल थांबणे : ताबडतोब ऑपरेशनची सोय असलेला दवाखाना.
४) घरी कळांचे इंजेक्शन कदापि नको.
५) दवाखाना, वाहन, सोबतीण आणि पैसे नवव्या महिन्यातच ठरवावेत.
६) बाळ न रडल्यास पुसा, पाठ चोळा, श्वास द्या, पहिल्या मिनिटात.
७) अपगार गुण व ठोक्यांची नोंद असलेला कागद जपा.

हा अंक घरात आणल्यावर आपण वाचून कपाटावर ठेवू नये, घरातल्या बायामाणसांना वाचून दाखवावा आणि जवळच्या टोळीच्या मुकादमालाही सांगावा, ही सर्व सभासदांना नम्र विनंती.